तोडलेले फूल जिवंत असते. त्याला पाणी, सावली आणि थोडी साखर हवी

गुलछडीची काडी मळ्यात तोडली की आपल्या लेखी तिचे काम संपले. आता फक्त पट्टी किती येते ते बघायचे. पण काडीच्या लेखी काम संपलेले नसते. ती श्वास घेत असते, पाणी ओढत असते आणि शेंड्याकडच्या कळ्या उमलवण्याची तिची धडपड चालूच असते. मूळ तुटले, एवढाच काय तो फरक. झाडावर असताना जे आपोआप मिळत होते ते आता कुणीतरी द्यायला हवे. ते दिले तर फूल आठ-दहा दिवस राहते, न दिले तर दुसऱ्या दिवशी मान टाकते.

हा विषय शहरातल्या बायाबापड्यांच्या फुलदाणीचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही शेतकरी बंधूंना वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट खिशाशी आहे. बाजारात गड्डी सोडली की जाणता आडत्या फुलाकडे नंतर बघतो, आधी देठाचे टोक आणि मान बघतो. "माल ढिला आहे, काका," एवढे चार शब्द पुरतात. फुलाचा रंग तोच, लांबी तीच, भाव मात्र खाली. वर्षभर खत-पाणी, फवारणी, खुरपणी यांत घातलेला पैसा शेवटच्या बारा तासांत असा गळून जातो.

दुसरी गोष्ट अशी, की मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा फूलशेतकऱ्यांनी उभे प्लॉट तोडून बांधावर टाकले. ते दिवस गेले, पण प्लास्टिकच्या फुलांशी झुंज आजही चालूच आहे. लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या दारावर, एवढेच काय देवाच्या मखरातही प्लास्टिक चढते. का? तर "ते सुकत नाही" म्हणून. वासाच्या आणि रूपाच्या बाबतीत आपल्या फुलाला तोड नाही. ते हरते ते टिकण्यात. घरी नेलेली काडी दोन दिवसांत माना टाकते असे ज्या बाईला दिसले, ती पुढच्या आठवड्यात फूल घेत नाही. म्हणून फूल घरात कसे टिकते हे पिकवणाऱ्यालाही ठाऊक पाहिजे.

फूल मरते कशाने?

देठाच्या आत बारीक बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी वर चढते. झाडावर असताना या नळ्यांत पाण्याला ताण असतो. देठ कापला की तो ताण सुटतो आणि कापलेल्या टोकातून हवा आत शिरते. मोटारीचे पाणी हवा धरल्यावर कसे येईनासे होते, तसाच हा प्रकार. देठ बादलीत उभा आहे, बादलीत पाणी भरपूर आहे, पण फुलाला घोटभरही पोचत नाही. म्हणून तोडल्यावर देठ जितका वेळ कोरडा राहील तितकी हवा जास्त आत जाते. त्यावर उपाय सोपा आहे. बादलीत किंवा घमेल्यात पाणी घ्यायचे, देठाचे टोक पाण्याखाली धरायचे आणि पाण्यातच बोटभर, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर, तिरका काप द्यायचा. हवा धरलेला तुकडा निघून जातो आणि नवीन टोकाला पाणीच लागते. तिरका काप अशासाठी की देठ भांड्याच्या तळाला सपाट टेकून तोंड बंद होऊ नये. कातर बोथट असेल तर नळ्या चेपतात. सिकेटर किंवा धारदार चाकू हवा.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. बादलीतल्या पाण्यात जिवाणू वाढतात. देठातून गळणारा रस आणि पाण्यात बुडून कुजणारी पाने हे त्यांचे खाणे. एका दिवसात त्यांची संख्या इतकी होते की ते आणि त्यांचा चिकट थर देठाचे तोंड बुजवून टाकतात. पाणी गढूळ दिसायला लागले, बोट लावल्यावर देठ बुळबुळीत लागला, की समजावे नळ्या बंद झाल्या. आपल्याकडे होते काय, की बादली कालचीच, आतला हिरवा थर परवाचा आणि त्यातच आजची फुले. मग औषध दुकानातून फूल टिकवायची पुडी आणून काय उपयोग? आधी बादली घासा. ज्या बादलीतले पाणी तुम्ही स्वतः प्याल, तीच फुलाला द्यावी, असा साधा हिशेब धरावा.

तिसरी गोष्ट भुकेची. झाडावर असताना पाने उन्हात अन्न तयार करतात. तोडलेल्या फांदीला घरातल्या अंधुक उजेडात ते जमत नाही. तिच्याजवळ जेवढी शिदोरी असते तेवढ्यावर ती जगते. गुलछडी आणि ग्लॅडिओलस यांच्या शेंड्याकडच्या कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात, त्याचे एक मोठे कारण उपासमार हेच. म्हणून पाण्यात थोडी साखर द्यायची असते.

आणि चौथी गोष्ट उष्णता. तापमान दर दहा अंशांनी चढले की फुलाचे श्वसन दुप्पट-तिप्पट होते, म्हणजे शिदोरी तितक्या वेगाने संपते. पाच अंशांच्या शीतगृहात फूल पाच-सहा तासांत जेवढे म्हातारे होईल, तेवढे तीस अंशांच्या शेडमध्ये तासाभरातच होते. एप्रिल-मेच्या उन्हात बांधावर पडलेल्या गड्डीचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

मळ्यात बादली न्या

तोडणी पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. दुपारची तोडणी नकोच. पहाटे देठात पाणी भरलेले असते, संध्याकाळी दिवसभर तयार झालेली साखर असते. दोन्ही वेळा चांगल्या. पण वेळेपेक्षा महत्त्वाचे हे, की बादली सरीवर आली पाहिजे. आपली रीत उलटी आहे. आधी सगळा प्लॉट तोडायचा, काखेत भारे धरायचे, बांधावर ढीग लावायचा आणि मग घरी जाऊन पाण्यात ठेवायचे. तोवर हवा आत गेलेली असते. पंधरा-वीस काड्या झाल्या की लगेच बादलीत, बादली झाडाखाली सावलीत. मजुराला दोन हेलपाटे जास्त पडतात खरे, पण त्याची भरपाई भावात होते.

बादली प्लास्टिकची घ्यावी. जस्ती बादलीत आंबट पाणी ठेवले तर ते पत्र्याशी झगडते. पाणी कसले? हा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त असते. असे पाणी देठातून सावकाश चढते, उलट किंचित आंबट पाणी भराभर चढते आणि त्यात जिवाणूही कमी वाढतात. म्हणून दहा लिटर पाण्यात तीन ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे ज्याला दुकानात लिंबूसत्व म्हणतात ते, टाकावे. पाणी फार जड असेल तर एवढ्याने भागत नाही, थोडे वाढवावे लागते. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. सामू साडेतीन ते चारच्या दरम्यान आला की झाले. माती परीक्षणासाठी पैसे मोजणाऱ्याला या पट्ट्या जड नाहीत.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराईड आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. दात पिवळे करणारे हे पाणी ग्लॅडिओलस आणि जरबेरालाही सोसत नाही. पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या होतात. तिथे पावसाचे साठवलेले पाणी किंवा आरओचे पाणी वापरलेले बरे. मात्र मिठावर चालणाऱ्या यंत्रातून जडपणा काढलेले पाणी गुलाबाला देऊ नये. त्यात सोडियम वाढलेले असते.

फूलवार थोडे सांगतो, कारण सगळ्यांना एकच काठी चालत नाही.

निशिगंध म्हणा, गुलछडी म्हणा, रजनीगंधा म्हणा, फूल एकच. मूळचे मेक्सिकोचे, पण आता आपल्या मातीचेच झाले आहे. एकेरी पाकळीचा माल हारासाठी सुटा जातो, दुहेरी पाकळीचा काडीवर जातो. काडी तोडायची ती खालची दोन-तीन फुले उमलली की. सगळी काडी कळीत असताना तोडली तर वरच्या कळ्या नंतर उमलतीलच याची खात्री नाही, आणि निम्मी उमलल्यावर तोडली तर घरी पोचेपर्यंत खालची फुले तपकिरी होतात. या फुलाला साखर फार मानवते. बाजारात न्यायच्या आदल्या रात्री काड्या शेकडा वीस साखरेच्या पाण्यात, म्हणजे पाच लिटर पाण्याला किलोभर साखर, उभ्या करून थंड जागी ठेवल्या तर वरच्या कळ्या चांगल्या उमलतात. ग्लॅडिओलसलाही हेच लागू आहे. ही साखरेची मात्रा फक्त एका रात्रीपुरती, हे विसरू नये. रोजच्या फुलदाणीत एवढी साखर घातली तर पाने करपतील. आणि या पाण्यातही लिंबूसत्व हवेच, नाहीतर ते जिवाणूंचे लग्नाचे जेवण होते.

ग्लॅडिओलस आडवा ठेवायचा नाही. हे फूल हट्टी आहे. आडवे ठेवले की काही तासांत शेंडा वर वळतो आणि काडी वाकडी होते. ती पुन्हा सरळ होत नाही. टेम्पोत उभ्या क्रेटमध्ये किंवा उभ्या खोक्यातच भरावे. तोडणी खालच्या एक-दोन फुलांनी रंग दाखवला की करावी.

गुलाबाची तक्रार मानेची. फुलदाणीत दुसऱ्या दिवशी गुलाब मान टाकतो आणि बाई म्हणते, शिळा दिला. तो शिळा असेलच असे नाही. फुलाखालच्या मानेपर्यंत पाणी पोचले नाही की ती वाकते. फार घट्ट, कोवळी कळी तोडली तरी हेच होते, कारण मान पक्की झालेली नसते. बाहेरची एक-दोन पाकळी सुटायला लागली की तोडणीला योग्य. घरी मान वाकलीच तर देठ पाण्याखाली पुन्हा कापावा आणि कोमट पाण्याच्या परातीत सगळी फांदी तासभर आडवी बुडवून ठेवावी. वेळेत लक्षात आले असेल तर बहुतेक वेळा मान पुन्हा उभी राहते. मावळातल्या हरितगृहांतून फेब्रुवारीत प्रेमदिनासाठी परदेशात जाणारा गुलाब टिकतो तो काही जातीच्या जोरावरच नव्हे. तोडल्यापासून तो दोन ते चार अंशांच्या थंडाव्यात असतो, मधे कुठेही साखळी तुटत नाही. आपल्याला तेवढे जमणार नाही, पण तत्त्व तेच.

जरबेरा कापायचा नसतो, उपटायचा असतो. दांडा बुडाशी धरून बाजूला वाकवून ओढला की सुटून येतो. कापला तर बुंध्याशी उरलेला तुकडा कुजून रोपाला रोग लावतो. पण असा ओढलेल्या दांड्याचे बूड टणक असते, त्यातून पाणी चढत नाही. ते दोन-तीन सेंटीमीटर कापून मगच बादलीत ठेवावे. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन ओळी उमललेल्या दिसल्या की फूल तयार. त्याआधी काढले तर दांडा नळीसारखा मुडपतो. याच्या दांड्यावर लव असते, म्हणून जिवाणू फार धरतात. जरबेराला पाणी खोल नको. चार बोटे पुरे, पण स्वच्छ हवे. बादलीच्या पाण्यात थोडी क्लोरीन लागते. दहा लिटरला पाव चमचा टीसीएल पावडर आधी वेगळ्या भांड्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी घालावे. (ग्रामपंचायतीच्या कपाटातले टीसीएल विहिरीसाठी आहे, ते इकडे वळवू नये.) क्लोरीनचे पाणी जास्त तीव्र झाले तर दांड्याला तपकिरी पट्टे पडतात. आणखी एक सावधगिरी: टीसीएल आणि लिंबूसत्व ही दोन्ही कोरडी किंवा घट्ट कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू सुटतो. बादलीला दोहोंपैकी एकच वापरावे.

शेवंती आणि अ‍ॅस्टर यांचे पान फुलाआधी पिवळे पडते. खालची पाने ओरबाडून काढून टाकावीत आणि देठाचा लाकडी झालेला भाग कापून टाकावा. कार्नेशन आपल्याकडे हरितगृहातच होते. त्याला फळांतून सुटणाऱ्या वायूची फार बाधा होते, त्याविषयी पुढे येईल.

झेंडू, सुटी शेवंती, सुटा निशिगंध यांचे शास्त्र थोडे निराळे. त्यांना देठ नाही, पाणी पाजायचे कुठून? त्यांचा शत्रू म्हणजे ढिगाची ऊब. पोत्यात दाबून भरलेली फुले आतल्या आत श्वास घेऊन तापतात. पोत्यात हात घातला की वाफ लागते. दसऱ्याच्या आदल्या रात्री टेम्पोत पोत्यांवर पोती चढतात आणि सकाळी खालच्या थरातला झेंडू काळा निघतो तो यामुळेच. वजन वाढावे म्हणून फुलांवर पाणी मारायची एक वाईट खोड आहे. त्याने चार पैसे सुटतात असे वाटते, पण ओली फुले डागाळतात, कुजतात, आणि व्यापारी काही दूधखुळा नसतो. तोडणी दव सुकल्यावर करावी, फुले सावलीत पसरून ऊब जाऊ द्यावी आणि हवा खेळेल अशा क्रेटमध्ये किंवा बांबूच्या करंडीत भरावीत.

विटा, वाळू आणि झारी

शीतगृह प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. पण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात तयार केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आजही तितकाच उपयोगी आहे, आणि नवल म्हणजे आपल्या गावांत तो फारसा दिसत नाही. वीज नको, यंत्र नको. सावलीच्या जागी विटांचा ओटा करायचा. त्यावर दोन भिंतींचा हौद बांधायचा, दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटीमीटरची फट ठेवायची आणि ती नदीच्या वाळूने भरायची. वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ पाण्याने चिंब करायच्या. वर बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा ओले गोणपाट. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हा हौद गार होतो. कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश कमी तापमान राहते आणि आत हवा दमट राहते. फुलाला हे दोन्ही हवे.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहिल्यानगरकडे मार्च ते मे या काळात याचा खरा फायदा. पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत तो फारसा गार होत नाही. तिथे याच्यावर खर्च करू नये. पाण्याची टंचाई असलेल्या गावात ठिबकची एक नळी वाळूवर टाकली तर पाणी वाया जात नाही. संध्याकाळी तोडलेल्या काड्या बादलीसह रात्रभर यात ठेवून पहाटे गाडीला लावता येतात. गटाने एक बांधला तर पाच-सहा घरांचा माल त्यात मावतो.

गाडीचे म्हणाल तर रात्रीचा टेम्पो कुणा एकाचा नसतो. त्यात भाजी, केळी, पपई, फुले सगळेच असते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तोच फळ पिकवतो आणि तोच फुलाला म्हातारे करतो. कार्नेशन आणि ऑर्किडला तो लगेच बाधतो, काही जातींच्या गुलाबालाही बाधतो. पिकलेल्या केळीच्या क्रेटशेजारी फुलांची खोकी लावू नयेत, एवढे चालकाला सांगायला काही पैसे पडत नाहीत. सांगायचे मात्र कुणी नसते.

घरात आल्यावर

आता फुलदाणीकडे वळू. फूल विकत घेतलेले असो की परसातले, घरी आणल्यावर आधी फुलदाणी साबणाने घासून घ्यावी. पाण्यात बुडणारी सगळी पाने काढावीत. देठ पाण्याखाली बोटभर कापावा. मग पाणी. घरातल्या घरात करता येण्याजोगे मिश्रण असे: एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात तीन सपाट चहाचे चमचे साखर, एका कागदी लिंबाचा गाळलेला रस आणि कपडे पांढरे करायच्या द्रव ब्लीचचा पाव चमचा. लिंबू पाण्यात पूर्ण मिसळल्यावर मगच ब्लीच घालावे. हे पाणी लहान मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. शक्य तर रोज, नाहीतर एक दिवसाआड पाणी बदलावे, आणि प्रत्येक वेळी देठ थोडा पुन्हा कापावा. तेवढे होत नसेल तर साखर वगळून नुसते स्वच्छ पाणी रोज बदलावे. न बदललेल्या साखरेच्या पाण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. नुसती साखर घालून मोकळे होणारे लोक फुलाला नव्हे, जिवाणूंना जेवू घालतात.

घरोघरी काही समजुती आहेत. कुणी ऍस्पिरिनची गोळी टाकते, कुणी तांब्याचा पैसा. गोळीने फायदा होतो असे खात्रीने दिसलेले नाही. तांब्याच्या पैशातून जिवाणू मारण्याइतके तांबे पाण्यात उतरत नाही, आणि आताची नाणी तांब्याची नसतातही. चिमूटभर मीठ तर फुलाला अपायच करते. देठ दगडाने ठेचून ठेवायची पद्धतही चुकीची. ठेचल्याने पाणी जास्त चढते असे म्हणतात, प्रत्यक्षात नळ्या चेंगरतात आणि कुजायला जास्त जागा होते. लिंबाच्या चवीचे बाटलीबंद गोड पेय पाण्यात मिसळले तर मात्र काही प्रमाणात गुण येतो. कारण उघड आहे. त्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतात.

फुलदाणी ठेवायची कुठे? टीव्हीजवळ नको, खिडकीच्या उन्हात नको, पंख्याच्या झोतात तर मुळीच नको. पंखा फुलातले पाणी देठ ओढेल त्यापेक्षा लवकर उडवतो. आणि जेवणाच्या टेबलावर आंब्याची किंवा केळ्यांची टोपली शेजारी असू नये; टेम्पोतली गोष्ट इथेही तीच. रात्री घरातली सर्वांत गार जागा, बहुधा माठाशेजारची, तिथे फुलदाणी नेऊन ठेवली तर एक-दोन दिवसांची भर पडते. सुकलेले खालचे फूल खुडून टाकावे. गुलछडीच्या काडीवर हे रोज केले की वरच्या कळ्यांना जोर मिळतो.

गजरा आणि हार यांच्यासाठी ओल्या, पिळलेल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवणे हाच मार्ग. पाणी निथळत असता कामा नये. अँथुरियम आणि ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली फुले फ्रीजमध्ये घालू नयेत. बारा-तेरा अंशांखाली गेली की ती काळवंडतात.

ग्रामपंचायतीत, शाळेत, सोसायटीत सत्कार असला की एक ठरलेले दृश्य दिसते. पुष्पगुच्छ सकाळी आठला येतात, पाहुणे बाराला. तोवर गुच्छ प्लास्टिकच्या चकचकीत कागदात, उन्हात, टेबलावर. त्या कागदाच्या आत भट्टी झालेली असते. पाहुण्यांच्या हातात जाते ते शिजलेले फूल. शिपायाला एवढेच सांगायचे, की गुच्छाचे बूड पाण्याच्या भांड्यात टेकवून आतल्या खोलीत ठेव आणि कागद वरून सैल कर. गावातल्या बचत गटाच्या बायका गुच्छ करत असतील तर त्यांना फोमची गोष्ट सांगावी. हिरवी वीट पाण्यात हाताने दाबून बुडवायची नाही. वर सोडून द्यायची, ती आपोआप पाणी पीत बुडते. दाबली तर मधे हवा कोरडी राहते आणि नेमके त्याच जागी खोचलेले फूल आधी सुकते. एकदा भोके पडलेला फोम दुसऱ्यांदा वापरू नये. गावातच फूल पिकत असेल तर गुच्छासाठी तालुक्याला गाडी पाठवण्यापेक्षा कार्यक्रमाच्या सकाळी मळ्यातून काड्या आणाव्यात. तोडून तीन तास झालेल्या फुलाची सर कशालाच नाही.

थेट ग्राहकाला, आठवडी बाजारात किंवा हमरस्त्यावर फुले विकणाऱ्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. प्रत्येक गड्डीबरोबर छोटी चिठ्ठी बांधावी, "पाण्यात देठ कापा, पाने काढा, पाणी रोज बदला, पंख्यापासून दूर ठेवा." चिठ्ठीच्या छपाईचा खर्च फुलाच्या किमतीपुढे नगण्य. ज्या घरात फूल आठ दिवस राहिले ते घर त्याच गाड्यावर पुन्हा येते.

फुलदाणीतल्या सुकलेल्या काड्या, हार आणि निर्माल्य खताच्या खड्ड्यात टाकावे. दोरा आणि तार तेवढी आधी काढावी. फोमची वीट मात्र खड्ड्यात टाकू नये. ती प्लास्टिकच असते, कुजत नाही, आणि भुगा होऊन शेणखताबरोबर पुन्हा आपल्याच वावरात येते.